वर्ष गेलेली माणसं

जूनच्या शेवटी तहसील कचेरीच्या किंवा कोर्टाच्या आवारातल्या टायपिस्टांकडे एक ठरलेलं गिऱ्हाईक येऊ लागतं. वीस-बावीस वर्षांचा मुलगा, सोबत वडील नाहीतर मामा, हातात प्लास्टिकचं फोल्डर. 'गॅपचं करायचंय' एवढंच ते सांगतात. टायपिस्टच्या संगणकात मजकूर तयार असतो. नाव, वय, राहणार, तालुका, जिल्हा एवढं बदललं की प्रतिज्ञापत्र झालं. अमुक शैक्षणिक वर्षात मी कुठल्याही शिक्षणसंस्थेत प्रवेश घेतला नव्हता, कुठे नोकरी केली नव्हती, कुठल्याही गैरकृत्यात माझा सहभाग नव्हता, वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे. नोटरीचा शिक्का बसतो, झेरॉक्स निघतात आणि कॉलेजच्या प्रवेशखिडकीवर तो कागद फोल्डरमध्ये सर्वांत वर लावला जातो.

अभियांत्रिकीच्या मुलांना गणित शिकवण्यात माझी सगळी नोकरी सरली. प्रवेश समितीचं काम अंगावर पडायचं तेव्हा असली प्रतिज्ञापत्रं ढिगानं हाताखालून जायची. त्या वर्षात मुलानं काय केलं नाही याची त्यात यादी असते. त्यानं काय केलं हे कुठल्याच ओळीत येत नाही. वर्ष का गेलं, हे तर नाहीच नाही.

मार्क कमी पडले म्हणून बाहेर राहिलेल्या मुलाला परत घ्यावं का, हा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, पोरगं आहे, चुकलं, द्या एक संधी. दुसरा म्हणतो, असं करत राहिलात तर डिग्रीला किंमत काय उरेल? दोन्ही बाजू मी स्टाफरूममध्ये पुष्कळ ऐकल्या आहेत. दोघंही बोलतात ते त्या मुलाकडे बघून. त्याला ज्या वर्गात परत घ्यायचं तो वर्ग, ते वेळापत्रक, ते शिकवणं याकडे कुणाचीच नजर जात नाही. पहिल्या वेळी जे होतं ते सगळं जसंच्या तसं ठेवून मुलाला पुन्हा आत सोडलं, तर त्याला दुसरी संधी का म्हणायचं? त्याच्याकडून पहिल्याच संधीची फी पुन्हा घेतली, एवढंच काय ते झालं.

आपल्या विद्यापीठांत मुलाला 'काढून टाकलं' असं सहसा होत नाही. तसा कागद निघत नाही. होतं ते असं: विषय राहतात, केटी लागते, आणि केटी घेऊन मूल पुढच्या वर्षाला जातं. पण अभियांत्रिकीत पहिल्या वर्षाचे सगळे विषय निघाल्याशिवाय तिसऱ्या वर्षाला प्रवेश नाही, आणि दुसऱ्याचे निघाल्याशिवाय शेवटच्याला नाही. तिथे गाडी अडते. पुण्याकडची मुलं त्याला 'वायडी लागली' म्हणतात, वायडी म्हणजे 'इयर डाउन'. मुलगा कॉलेजचा असतो आणि नसतो. मेडिकलला गोष्ट जास्त रोखठोक आहे. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षासाठी चार प्रयत्न. त्यात निघालं नाही तर नीटमध्ये मिळवलेली जागा गेली. कोविडच्या काळातल्या मुलांना एक जादा प्रयत्न दिला गेला, तो अपवाद. आयआयटीत सीपीआय, म्हणजे श्रेणींची एकत्रित सरासरी, ठरावीक रेषेखाली गेला की काढल्याचं पत्र हातात पडतं. शिवाय पदवीला नेमून दिलेल्या मुदतीवर फार तर दोन वर्षं, अगदीच अपवाद म्हणून आणखी एक, अशी विद्यापीठ अनुदान आयोगाची मार्गदर्शक चौकट आहेच. नियम जागोजागी वेगळे आहेत, पण एक गोष्ट सगळीकडे सारखी. बाहेर जाण्याची वाट अगदी बारकाईनं आखलेली असते. किती गुण, किती श्रेयांक, किती प्रयत्न, सगळं कलमांत बसवलेलं. आत येण्याच्या वाटेवर मात्र एकच गोष्ट लिहिलेली सापडते: अर्ज करावा.

वायडीचं वर्ष जवळून बघावं. परीक्षा तेवढी द्यायची असते, वर्ग नसतो. तुकडी पुढे गेलेली असते आणि मागून आलेल्या तुकडीच्या हजेरीपटावर नाव नसतं. लायब्ररीचं कार्ड चालत नाही, गेटवरचा वॉचमन ओळखपत्रावरचं वर्ष बघून थांबवतो, एसटीचा सवलतीचा पास मिळत नाही. वसतिगृहातली जागा बहुधा जाते, कारण तिथे पुढच्या वर्षाच्या प्रवेशाची पावती मागतात. शिष्यवृत्तीचं तेच. वर्ष पुढे सरकलं तर महाडीबीटीवर नूतनीकरण. नाहीतर पोर्टलवर लाल अक्षरं. म्हणजे ज्या मुलाला अभ्यासात सर्वांत जास्त मदतीची गरज आहे, त्याच्याकडून नेमक्या त्याच वर्षी शिक्षक, पुस्तकं, खोली आणि पैसे असं सगळं काढून घेतलं जातं. आणि वर म्हणायचं, आता तरी अभ्यास कर.

अशी मुलं गावी परत जात नाहीत. गावी जायचं तर सांगावं लागतं. पुण्यात सदाशिव पेठेत, नारायण पेठेत स्पर्धापरीक्षेच्या मुलांसाठी ज्या अभ्यासिका आहेत, त्यांत एमपीएससीवाल्यांच्या रांगेत वायडीवालीही बसलेली असतात. प्लायवूडची कप्पेवजा जागा, एक चार्जिंग पॉइंट, भिंतीवर वेळापत्रक, मेसचा डबा. महिन्याचे पैसे भरून त्यांनी शांतता विकत घेतलेली असते. शिकवणारा तिथेही नसतोच. घरी सांगितलेलं असतं की कॉलेज चालू आहे. काहींनी तर घरी राहून वर्षभर रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचं नाटक वठवलेलं मला माहीत आहे. मुलांच्या खोटेपणाची ही गोष्ट पालक फार चिडून सांगतात. मला त्या खोट्यामागची शिस्त दिसते. रोज आठला बाहेर पडायचं, पाचला परत यायचं, दिवसभर कुठे तरी बसायचं. एवढी हजेरी त्यानं आधीच्या वर्षी वर्गात लावली असेल की नाही, शंका आहे.

मुलींचं वेगळं. मुलीचं वर्ष गेलं की घरात कुणी रागावत नाही. 'असू दे, खूप झालं' असं प्रेमानंच म्हणतात, आणि त्याच आठवड्यात मावशीकडून एक बायोडेटा येतो. एका मुलीचे वडील मला म्हणाले होते, "सर, मुलाचं असतं तर कर्ज काढून पुन्हा बसवलं असतं." त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात आत्महत्यांच्या कारणांमध्ये 'परीक्षेतलं अपयश' हा एक स्वतंत्र रकाना असतो. तो दरवर्षी भरतो. वायडीच्या वर्षाबद्दल बोलताना तो विसरून चालत नाही, आणि त्यावर भाषण करणंही मला जमत नाही. तेवढं सांगून पुढे जातो.

आता एक उत्तरपत्रिका. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेला मुलगा, यंत्र अभियांत्रिकीचा. ही मुलं अकरावी-बारावी न करता येतात, पहिल्या वर्षाचं गणित, म्हणजे एम-वन, एम-टू, त्यांनी केलेलं नसतं, आणि आल्या आल्या समोर एम-थ्री उभं राहतं. वर्कशॉपमध्ये ती भारी असतात. लेथवर त्यांचा हात बघावा. एम-थ्रीला मात्र पाच-पाच, सहा-सहा वेळा बसतात. ह्याचं तिसरं वर्ष निघालं होतं, पण दुसऱ्या वर्षाचं एम-थ्री अडकल्यामुळे शेवटच्या वर्षाला प्रवेश नव्हता. रिव्हॅल्युएशनला टाकायचं म्हणून त्यानं फोटोकॉपी मागवली होती. मार्क वाढण्यासारखे आहेत का, हे विचारायला तो ती घेऊन आला. शंभरात सत्तावीस. वाढण्यासारखं काही नव्हतं. पण पानं उलटताना एक गोष्ट दिसली. लाप्लासच्या गणितात तो सुरुवात नीट करत होता, मांडणी स्वच्छ होती, अक्षर तर माझ्यापेक्षा चांगलं. व्यस्त रूप काढायला पार्शल फ्रॅक्शन करावे लागतात, तिथे छेदात (एस + १) चा वर्ग आला की तो एकच पद लिहायचा. तिथे दोन पदं लागतात, एक साध्या छेदाचं आणि एक वर्गाचं. एक पद गळलं की पुढचं अख्खं गणित चुकीच्या रस्त्यानं चालत शेवटपर्यंत जातं. ज्या ज्या प्रश्नात वर्ग होता, त्या त्या प्रश्नात हेच. मागच्या खेपेची फोटोकॉपीही त्याच्याकडे होती. तिच्यातही हेच.

डिप्लोमात त्याला तो भाग सूत्रासारखा पाठ करायला लावला होता, आणि सूत्रातला तो एक प्रकार राहून गेला होता. पुढे कुणीच त्याची वही त्याच्यासमोर उघडली नव्हती. तपासणाऱ्यानं लाल रेघ मारली, संगणकानं 'अनुत्तीर्ण' छापलं, कॉलेजनं सूचनाफलकावर यादी लावली, वडिलांनी 'मोबाइल बंद कर' सांगितलं. त्यानं मोबाइल खरोखर बंद केला होता. मेहनत वाढवली होती, गाइडातली गणितं पुन्हा पुन्हा सोडवली होती, आणि प्रत्येक वेळी तीच चूक अधिक सरावानं केली होती. आम्ही दोघं एक दुपार बसलो. तो विषय निघाला. दुसरा एक विषय, ज्याचा गणिताशी काही संबंध नव्हता, तो मात्र पुढेही राहत गेला आणि त्याचं कारण मला कधी कळलं नाही. प्रत्येक वर्ष गेलेल्या मुलाच्या मागे असं एखादं गळलेलं पद असतं असं मी म्हणत नाही. कुणाकडे पैसे नसतात, कुणाला इंग्रजीत वाक्य लिहिता येत नाही, कोणी लातूर पॅटर्नमध्ये दोन वर्षं इतका पिळून निघालेला असतो की प्रवेश मिळाल्यावर पुस्तकाचं नुसतं तोंड बघवत नाही. कुणाला खरोखर औषधाची गरज असते. म्हणणं एवढंच की कारण शोधायला लागणारा पुरावा विद्यापीठाच्याच गोदामात, गठ्ठ्यांत बांधून पडलेला असतो. हजेरी त्यांच्याकडे, अंतर्गत परीक्षांचे गुण त्यांच्याकडे, उत्तरपत्रिका त्यांच्याकडे. आणि परत येणाऱ्या मुलाकडे मागायचं काय, तर हमीपत्र. 'यापुढे मी नियमित अभ्यास करीन.'

अशा परतीची गाजलेली गोष्ट घडली ती २०१५ च्या जुलैमध्ये, रुडकीला. आयआयटी रुडकीनं पहिल्या वर्षाच्या ७३ विद्यार्थ्यांना सीजीपीए पाचच्या खाली गेला म्हणून काढून टाकलं. मुलं नैनीतालला उच्च न्यायालयात गेली. याचिका फेटाळली गेली. देशभर गाजावाजा झाला, त्यातली बहुसंख्य मुलं आरक्षित प्रवर्गांतली आहेत हे बाहेर आलं, अनेकांचं शिक्षण इंग्रजीत झालेलं नव्हतं हेही. मग संस्थेनं निर्णय फिरवला आणि मुलांना पहिलं वर्ष पुन्हा करण्याची मुभा दिली, अटी घालून. न्यायालयात जिंकल्यावर संस्थेनं आपणहून माघार घेतली, हे त्या वेळी मला मोठेपणाचं वाटलं होतं आणि आजही वाटतं. पण त्या आठवड्यांतली चर्चा आठवून बघा. मुलं पात्र होती की नव्हती, आरक्षण असावं की नसावं, दर्जा की दया. एकाच वर्षात, एकाच संस्थेत, इतकी मुलं एकाच रेषेखाली गेली, तर शिकवण्याच्या बाजूला काय चाललं होतं, हा प्रश्न तेव्हा जवळजवळ ऐकूच आला नाही. ही मुलं देशातली अवघड परीक्षा देऊन आलेली होती. एका मुलाचा सीजीपीए घसरला तर त्याच्याशी बोलावं. त्र्याहत्तर जणांचा घसरला तर वर्ग तपासावा.

आणि आयआयटींना हे माहीत नाही असंही नाही. गुणवत्ता यादीत थोडक्यात मागे राहिलेल्या अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांसाठी एक वर्षाचा पूर्वतयारी अभ्यासक्रम त्यांच्याकडे वर्षानुवर्षं चालतो: भौतिक, रसायन, गणित, इंग्रजी पक्कं करून घ्यायचं आणि मग पहिल्या वर्षात बसवायचं. आधी शिकवून मग आत घेण्याची ही रीत ज्यांना जमते, त्यांना काढल्यावर शिकवून परत घेण्याची रीत जमणार नाही, हे पटत नाही.

अमेरिकेत ह्या बाबतीत एक व्यवस्था आहे, तिचं मला कौतुक वाटतं. तिथली विद्यापीठं मुलांना आपल्यापेक्षा सहज काढतात, हे खरं. सरासरी साधारण २.० च्या खाली गेली की आधी ताकीद, मग प्रोबेशन, मग बाहेर. पण केंद्र सरकारची आर्थिक मदत घेणाऱ्या मुलाची प्रगती कमी पडली आणि मदत थांबली, तर अपील करताना त्याला दोन गोष्टी सांगाव्या लागतात, आणि त्या नियमातच लिहिलेल्या आहेत. प्रगती का झाली नाही? आणि आता काय बदललं आहे, ज्यामुळे ती होईल? एका सत्रात भरून निघण्यासारखं नसेल तर विद्यापीठ त्याच्यासाठी एक आराखडा बनवतं, कुठल्या सत्रात किती विषय, किती श्रेणी, आणि मग त्या आराखड्यावर त्याची मोजदाद होते. पश्चात्ताप कुणी मागत नाही. अर्थात त्या पत्रांचेही नमुने तयार झालेच आहेत. आजी वारली, आजार झाला, आता मी वेळेचं नियोजन शिकलो. आपल्या टायपिस्टसारखीच तिथेही सोय. तरीही 'काय बदललं' हा प्रश्न बरोबर जागी बोट ठेवतो, आणि तो विद्यापीठालाही विचारता येतो.

(आपल्याकडून तिकडे गेलेल्या मुलांना ह्या व्यवस्थेचा फारसा उपयोग नाही. केंद्राची ती मदत परदेशी विद्यार्थ्यांना नसतेच. त्यांच्या बाबतीत विद्यापीठातून काढल्याचं पत्र म्हणजे व्हिसाचाही प्रश्न: दुसरीकडे पटकन प्रवेश नाहीतर परतीचं विमान. सांगलीत किंवा नाशकात घरावर कर्ज काढलेल्या आईवडिलांना हे बहुतेक वेळा सर्वांत शेवटी कळतं.)

अशा वेळी घरोघरी आणि कॉलेजच्या भाषणांत रामानुजन येतातच. तेही नापास झाले होते, बघ. गोष्ट खरी आहे. १९०४ मध्ये कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात ते शिष्यवृत्तीवर गेले, इंग्रजीत नापास झाले, शिष्यवृत्ती गेली. १९०५ मध्ये घरातून निघून विशाखापट्टणमला गेले. १९०६ मध्ये मद्रासच्या पचय्यप्पा कॉलेजात पुन्हा प्रवेश घेतला. एफ. ए.ची, म्हणजे पदवीच्या आधीची, परीक्षा दिली, नापास. पुन्हा दिली, पुन्हा नापास. १९१२ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये महिना ३० रुपयांवर कारकून झाले. इथपर्यंत सगळे सांगतात आणि मग एकदम केंब्रिजवर उडी मारतात, जणू जिद्द ठेवली की बोट लागतंच.

मधली पायरी मला जास्त महत्त्वाची वाटते. १९१३ मध्ये, केंब्रिजचे गणिती हार्डी यांच्याशी पत्रव्यवहार सुरू झाल्यानंतर, मद्रास विद्यापीठानं रामानुजन यांना महिना ७५ रुपयांची संशोधन शिष्यवृत्ती दिली. ती देताना नियम आडवा येत होता, कारण असली शिष्यवृत्ती वरच्या पदवीवाल्यांसाठी होती आणि ह्यांच्याकडे साधी एफ. ए.सुद्धा नव्हती. विद्यापीठानं नियमाला वळसा घातला. त्यांना पुन्हा एफ. ए.ला बसवलं नाही. 'यापुढे इंग्रजीकडे लक्ष देईन' असं लिहून घेतलं नाही. ज्या दारानं ते दोनदा बाहेर पडले होते ते दार सोडून दुसरं उघडलं. पुढे १९१६ मध्ये केंब्रिजनंही संशोधनावरच पदवी दिली. रामानुजनांकडून आपल्या मुलांनी काय शिकावं ते मला सांगता येणार नाही. ती प्रतिभा कुणाच्या घरी येईल त्याच्या घरी येवो. मद्रास विद्यापीठाकडून आपल्या विद्यापीठांनी शिकण्यासारखं मात्र आहे, आणि त्याला प्रतिभा लागत नाही.

आपल्याकडे टिळकांचीही अशीच गोष्ट. डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष त्यांनी तालमीत आणि पोहण्यात घालवलं, प्रकृती कमावली, हे प्रत्येक मराठी मुलानं ऐकलेलं असतं. वर्ष वाया गेलं ही त्या गोष्टीत कौतुकाची बाब असते. टिळकांचं वर्ष गेलं की तो व्यायाम, आणि शेजारच्याच्या मुलाचं गेलं की ती थेरं.

मधूनमधून विद्यापीठांना उदारपणाची लहर येते. दिल्ली विद्यापीठानं २०२२ मध्ये आपल्या शताब्दीनिमित्त, पदवी अर्धवट राहिलेल्या जुन्या विद्यार्थ्यांना परीक्षेला बसण्याची खास संधी दिली. कुणी कुणी नोकरीतून निवृत्तीला आलेले लोक पुन्हा परीक्षेचा अर्ज भरत होते, आणि त्या बातम्या वाचून मलाही बरं वाटलं. पंजाब विद्यापीठाचा 'गोल्डन चान्स', केरळातल्या विद्यापीठांचा 'मर्सी चान्स', आपल्याकडे जुना अभ्यासक्रम बंद होताना निघणारी 'शेवटची संधी' ही सगळी एकाच कुळातली. ह्या सगळ्यांत मिळते ती परीक्षा. तीन तास, बाकडं, प्रश्नपत्रिका. शिकवणं त्यात नसतं. दहा वर्षांपूर्वी ज्याला स्टॅटिस्टिक्स आलं नाही, त्याला ते दहा वर्षांत आपोआप आलेलं असेल, असं धरून चाललेलं असतं. काही जणांना येतंही. आयुष्यानं शिकवलेलं असतं, किंवा मुलाचा अभ्यास घेता घेता बाप शिकलेला असतो. पण ते त्यांचं त्यांनी केलेलं. विद्यापीठानं फक्त हॉल तिकीट दिलं आणि फी घेतली.

नव्या शैक्षणिक धोरणातली श्रेयांक पेढी ऐकायला छान आहे. २०२१ मध्ये ती कागदावर आली. मिळवलेले श्रेयांक खात्यात जमा, साधारण सात वर्षं वैध. मधेच सोडा, मग परत या. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडलात तर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका. माझ्या भाचीनं लग्नानंतर ह्याच आधारानं पुन्हा शिकायचं ठरवलं आहे, आणि तिच्यासारख्या, चांगले मार्क असताना घरच्या कारणानं थांबलेल्यांसाठी ही योजना खरोखर उपयोगी पडेल. पण पेढीत जमा होतात ते उत्तीर्ण झालेल्या विषयांचे श्रेयांक. जो मार्कांमुळेच बाहेर पडला त्याच्या खात्यात असणार काय? ज्याच्यासाठी परतीची वाट सर्वांत अवघड, त्याचं पासबुक कोरं.

खरोखरीची परतीची वाट महाराष्ट्रात कुणी बांधली असेल तर ती नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठानं, १९८९ पासून. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद घेऊन. बारावी न झालेल्यांना पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करून पदवीला येता यायचं, आणि त्यात मागच्या मार्कांबद्दल कुणी तोंड वाकडं करत नसे. पुस्तकं स्वतः वाचून कळावीत अशी मराठीत लिहून घेतलेली, संपर्कसत्रं रविवारी, अभ्यासकेंद्रं तालुक्याच्या कॉलेजात. मी अशा एका केंद्रावर काही रविवार शिकवलं आहे. पुढच्या बाकावर पोलीस हवालदार, मागे एसटीचे कंडक्टर, खिडकीशी अंगणवाडीच्या ताई, आणि त्यांच्यामध्ये कुठे तरी एक-दोन तरुण मुलं, नियमित कॉलेजातून बाहेर पडलेली, खाली मान घालून बसलेली. दोन-तीन रविवार गेले की ती मान वर यायची. कारण साधं होतं. शेजारचा हवालदार पन्नाशीत 'सर, हे पुन्हा सांगा' असं मोठ्यानं म्हणायचा. नियमित वर्गात 'पुन्हा सांगा' म्हणणारं मूल मी क्वचितच पाहिलं. मुक्त विद्यापीठाच्या पदवीला नोकरीच्या बाजारात दुय्यम लेखतात, आणि अभ्यासकेंद्रं सगळीच चांगली चालतात असं नाही; काही ठिकाणी ती नुसती अर्ज गोळा करण्याची खिडकी असते. पण जिथे चालतात तिथे मुलासाठी खरोखर काहीतरी बदललेलं असतं: भाषा, गती, सोबत.

आता आक्षेप. मग काय, सगळ्यांनाच परत घ्यायचं? सगळ्यांनाच पास करायचं? नाही. नापास करण्याच्या मी कधीच विरोधात नव्हतो, आणि माझे विद्यार्थी ह्याची साक्ष देतील. पूल बांधणाऱ्याला आणि सुई टोचणाऱ्याला विषय आलाच पाहिजे. काहींनी तर परत येऊच नये. एक मुलगा आठवतो, बापाच्या इच्छेखातर तिसऱ्यांदा फी भरून आलेला. त्याला गाड्यांच्या इंजिनात रस होता, इंजिनिअरिंगमध्ये नव्हता. ह्या दोन गोष्टी एक नाहीत हे त्याच्या वडिलांना कळत नव्हतं. त्याच्या परतीचा अर्ज समितीपुढे आला तेव्हा आम्ही चार शहाण्या माणसांनी त्याच्या कागदपत्रांवर अर्धा तास घालवला: गॅपचं प्रतिज्ञापत्र आहे का, फीची थकबाकी आहे का, हमीपत्रावर पालकांची सही आहे का. तुला इथे यायचंय का, हा प्रश्न अध्यक्षांनी अगदी शेवटी, उठता उठता विचारला. मुलानं वडिलांकडे बघितलं. पुढचा अर्ज आत बोलावला गेला.

म्हणून मला समितीचं काम उलटं करून हवं आहे. आधी उत्तरपत्रिका, नंतर प्रतिज्ञापत्र. मुलाच्या राहिलेल्या प्रत्येक विषयाची शेवटची उत्तरपत्रिका त्या विषयाच्या शिक्षकानं मुलाला समोर बसवून बघायची आणि काय अडतंय ते चार ओळींत लिहून द्यायचं. अडतंय ते विषयातलं असेल तर शिकवायची सोय, भाषेतलं असेल तर भाषेची, पैशाचं असेल तर वसतिगृह आणि शिष्यवृत्ती त्या एका वर्षासाठी चालू. विषयाचं काहीच नसेल, मनच नसेल, तर तसं लिहायचं, आणि ते वडिलांनाही स्पष्ट सांगायचं. त्यानंतर राहिला तर राहिला.

हे मी एकदा एका बैठकीत मांडलं. कुणी विरोध केला नाही. सगळ्यांनी मान डोलावली, आणि मग कार्यालयीन अधीक्षकांनी एकच अडचण सांगितली, ती अजून सुटलेली नाही. शिक्षकांचा कार्यभार मोजतात तो प्रवेशित विद्यार्थ्यांवर. वायडीचा विद्यार्थी त्या वर्षी प्रवेशित नसतो. म्हणजे त्याला शिकवलेला तास कुठल्याच तक्त्यात बसत नाही, त्यावर पद मंजूर होत नाही, आणि जिथे आधीच निम्मे तास तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर भागवलेले आहेत, तिथे ह्या जादा तासाचे पैसे कुठल्या शीर्षाखाली टाकायचे? "सर, तुम्ही फुकट शिकवणार असाल तर माझी हरकत नाही," असं ते म्हणाले. त्यांचा दोष नव्हता. तक्त्यात एक रकाना वाढवायला विद्यापीठाचं परिपत्रक लागतं, परिपत्रकाला विद्या परिषदेचा ठराव लागतो, आणि ठरावाच्या प्रस्तावात पहिल्या ओळीत विचारतात की किती विद्यार्थी लाभार्थी आहेत. तो आकडा कॉलेजकडे नसतो. वायडीची मुलं हजेरीपटावरच नसतात.